लोणारच्या खारापासून धुण्याच्या सोड्यापर्यंत

बचत गटाच्या बैठकीत घरखर्चाचा हिशोब निघाला, की भांड्याची पावडर, फरशीचं लिक्विड, मोरी साफ करायची बाटली अशी यादी वाढतच जाते. यातली बरीच कामं एकटा धुण्याचा सोडा करतो. आज त्याचाच इतिहास सांगते. तो कळला की सोडा कुठं वापरायचा आणि कुठं अजिबात नाही, हे लक्षात राहील.

आपल्या जालना जिल्ह्याला लागून बुलढाणा जिल्हा आहे आणि त्यात लोणारचं सरोवर. उल्का पडून झालेला हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. दैत्यसूदन विष्णूनं लोणासुराला इथं मारलं, अशी कथा आपण ऐकलेली असते. सरोवराचं पाणी खारट आहे, पण तो खारटपणा नुसत्या मिठाचा नाही, सोड्याचाही आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरा खार साचायचा. लोक तो गोळा करून विकायचे.

हा धंदा फार जुना. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना तो लोणारबद्दल सांगतो, की इथं काच आणि साबण करायचा माल मिळतो आणि सरकारला त्यातून चांगलं उत्पन्न होतं. पुढं इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत या खाराच्या प्रकारांची नावं सापडतात : डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. बांगड्यांची काच, कापडाची रंगाई, साबण, धुणं आणि पापड, अशा सगळ्या कामांना लोणारचा खार लागायचा.

मग कारखाने आले. 1791 साली फ्रान्सच्या निकोलस लब्लांनं साध्या मिठापासून सोडा करायची रीत काढली. तिच्यातून विषारी वायू निघायचा. त्याला आळा घालायला इंग्लंडला 1863 मध्ये कायदा करावा लागला. त्याच सुमारास बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेनं स्वस्त आणि बरी रीत शोधली. आपल्याकडं 1939 मध्ये टाटा केमिकल्स ही कंपनी निघाली आणि गुजरातमधल्या मिठापूरला सोडा तयार होऊ लागला. कारखान्याच्या स्वस्त मालापुढं लोणारचा खार मागं पडला. 1969 मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरीच धुण्याची पावडर करून सायकलवरून विकली. तीच निरमा. तिच्यातला मुख्य माल सोडाच. आजही पावडरच्या पाकिटामागं बारीक अक्षरात सोडा लिहिलेला सापडतो.

सोडा काम कसा करतो? तेलकटपणाला भिडला की त्याचा थोडा साबणच बनतो, म्हणून चिकटा सुटतो. बोअरच्या जड पाण्यातला चुना तो खाली बसवतो, म्हणून साबण कमी लागतो.

आता उपयोग ऐका. अर्ध्या बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा टाका. त्यानं शेगडी, ओट्यामागच्या तेलकट फरशा आणि पंख्याची पाती पुसून घ्या, मग साध्या पाण्याचा हात फिरवा. मसाला कांडणाऱ्या, पापड लाटणाऱ्या गटांनी तेलकट फडकी याच पाण्यात रात्रभर भिजवावीत. मोरीच्या जाळीवर मूठभर सोडा टाकून वरून गरम पाणी सोडा. करपलेलं स्टीलचं पातेलं सोड्याच्या पाण्यात उकळलं की खरवड सुटते. बोअरच्या पाण्यात कपडे भिजवताना एक लहान चमचा पुरतो.

पण ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नका, ते काळं पडतं आणि झिजतं. रेशमी, लोकरी कपड्यांना नको. हाताला मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि डोळ्यांना जपा. सोड्याचं पाणी परसबागेत ओतू नका. आपल्या भागातली काही जमीन चोपण असते ना, ती सोडियम वाढल्यानंच तशी होते. सोड्यातही तेच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगते. बैठकीत बायका विचारतात, “ताई, पूर्वी एकाच खारानं धुणंही व्हायचं आन् पापडही, मग आता काय झालं?” उत्तर असं, की लोणारच्या खाराचे प्रकार होते, आणि कोणता कशाला चालतो ते लोकांना ठाऊक होतं. आज दुकानातला धुण्याचा सोडा धुण्यासाठीच बनतो. तो खाण्याच्या प्रतीचा नसतो. खायचा सोडा तर वेगळाच पदार्थ आहे. दिसायला दोन्ही पांढरे, म्हणूनच घोटाळा होतो. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड, घसा भाजतो. हरभरे लवकर शिजावेत म्हणून चिमूटभरसुद्धा टाकू नका. पापड करणाऱ्या गटांनी खाण्याचा म्हणून छापलेला, परवाना क्रमांक असलेला पापडखारच घ्यावा आणि पाकीट जपून ठेवावं.

लोणारचं सरोवर 2000 साली अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसर यादीत आलं. कधी पाहायला गेलात तर काठावरचा पांढरा थर जरूर बघा. आणि घरी आज एवढं करा : सोड्याच्या डब्यावर ठळक अक्षरात ‘धुण्याचा’ लिहा, आणि तो डबा स्वयंपाकघरातून काढून मोरीजवळ, लेकरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.