ताबा मिळाल्यानंतरचे पालकत्व

घटस्फोटाने नवरा-बायकोचे नाते संपते, आई-बापाचे संपत नाही. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक हे दोन्ही पक्षांना तळमळीने सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु सोमवारी सकाळी मुलाचे दप्तर कोणत्या घरात असेल, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. प्रस्तुत विवेचन त्या उत्तराविषयी आहे. माझे प्रतिपादन असे की, विभक्त पालकांमधला तंटा मोठ्या मतभेदांपेक्षा एकमेकांना विचारून ठरवाव्या लागणाऱ्या किरकोळ बाबींच्या संख्येमुळे अधिक वाढतो. ही संख्या घटवली की दोन्ही घरांतले जगणे सोपे होते.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार वडील हे नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीतला आईचा दुय्यमपणा बराच कमी केला: वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. कलम १३ मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची स्पष्ट तरतूद सुचवली. तसा कायदा झाला नाही, तरी न्यायालये आपल्या अधिकारात असे आदेश देतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाबाबत जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे अशी व्यवस्था लावून दिली. तत्त्व म्हणून हा आदेश मोलाचा आहे. पण शाळेचे वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे एकाच इयत्तेचा अभ्यास दोन घरांत विभागला जाणार. तेव्हा दोन्ही घरे एकाच शाळेच्या टप्प्यात असतील, तरच अशी वाटणी पेलते.

कायदा मूल कोणाकडे राहील हे ठरवतो. कसे राहील, हे बहुतेक संमतीपत्रांत दोन ओळींत आटोपलेले असते. ‘वडिलांना वाजवी भेटीचा अधिकार राहील’ ही त्यांतली नेहमीची ओळ. वाजवी म्हणजे महिन्यातून किती वेळा, कुठे, किती वाजेपर्यंत, हे लिहिलेले नसल्यामुळे प्रत्येक भेट ही नवी वाटाघाट होते आणि प्रत्येक वाटाघाटीत जुना संसार पुन्हा उकरला जातो.

एलिनॉर मॅकोबी आणि रॉबर्ट म्नूकिन यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे अकराशे कुटुंबांचा मागोवा घेऊन १९९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. विभक्त पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार त्यांना दिसले: सहकार्य करणारे, भांडत राहणारे आणि अलिप्त. हा तिसरा प्रकार आपल्याकडे नीट समजून घेतला जात नाही. अलिप्त पालक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, आपापल्या घरात आपापल्या पद्धतीने मूल वाढवतात. वेगळे झालेल्यांनी मुलासाठी मित्र बनून राहावे, अशी अपेक्षा हल्ली केली जाते. काहींना ते साधते, त्यांचे कौतुकच आहे. ज्यांना साधत नाही त्यांना अपराधी ठरवणे मात्र मला अन्यायाचे वाटते. अलिप्तपणे केलेले पालकत्वही मुलाला स्थैर्य देऊ शकते. त्याची अट एकच: बोलणे जितके कमी, तितके लिहून ठेवलेले अधिक हवे.

आता प्रत्यक्ष व्यवहार. मुलाची ने-आण हा सर्वांत नाजूक प्रसंग, कारण त्या वेळी दोघे समोरासमोर येतात आणि मूल मध्ये उभे असते. शुक्रवारी सकाळी एकाने शाळेत सोडावे आणि दुपारी दुसऱ्याने शाळेतूनच न्यावे, एवढ्या बदलाने हा प्रसंग टळतो.

दुसरी बाब वस्तूंची. घरात घालायचे कपडे, चपला, टूथब्रश, कंपासपेटी, गणवेशाचा जादा जोड, दम्याचा त्रास असेल तर इनहेलर, हे सारे दोन्हीकडे असावे. ये-जा फक्त दप्तराने करावी. मूल पाहुण्यासारखे बॅग भरून येते, तोवर दुसरे घर त्याचे होत नाही. यावर खर्चाचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: ज्या मिळकतीवर एक घर चालत होते, त्यावर आता दोन भाडी, दोन गॅसजोडण्या आणि दोन वाणसामानाच्या याद्या चालवायच्या असतात. म्हणूनच वस्तू दुप्पट करण्याआधी त्या निम्म्या कराव्या लागतात. पाच-सहा जोड कपडे, एक खण पुस्तकांचा, अभ्यासाला एक कोपरा एवढे पुरते. महागड्या भेटींची चढाओढ येथेच थांबवता येते. घेतलेली सायकल कोणत्या घरात राहील हे मुलाने ठरवावे. ती त्याची आहे, घेणाऱ्याची नाही.

सणांचा प्रश्न मराठी घरांत विशेष गुंतागुंतीचा असतो. गणपती बहुधा वडिलांच्या घरी, कित्येकदा कोकणातल्या गावी. मे महिन्याची सुट्टी आजोळी. भाऊबीजेला बहीण-भाऊ एकत्र हवेत. संमतीपत्रात सणांच्या तारखा घालणे व्यर्थ आहे. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणून सणाचे नाव लिहावे आणि दिवस मोजून लिहावेत: दीड दिवसाचा गणपती असेल तर पूर्ण, दहा दिवसांचा असेल तर पहिले तीन दिवस, शाळेची चाचणी आडवी आली तर चाचणी आधी. आजी-आजोबांचा उल्लेखही करावा. आदेशात त्यांचे नाव सहसा नसते, आणि नातवंड सर्वाधिक त्यांनाच दुरावते.

निरोप पोचवणे हे मुलाचे काम नाही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघांचे क्रमांक असावेत, फीचा वाटा ठरल्या तारखेला थेट बँकेतून जावा, जन्मदाखला आणि लसीकरणाच्या नोंदींच्या प्रती दोन्हीकडे असाव्यात. ‘तिकडे कोण आले होते?’ असे मुलाला विचारू नये.

दोन्ही घरांचे नियम सारखेच हवेत, हा आग्रह मात्र सोडावा. औषध, झोपेची वेळ आणि मोबाइल एवढ्यांवर एकमत पुरेसे आहे. जेवणात काय आणि टीव्ही किती, हे ज्या घरी त्या घरचे.

हे सारे विवेचन जिथे हिंसा नाही, तेथपुरतेच लागू आहे. मारहाण किंवा धाक असेल, तर सहकार्याचा उपदेश धोक्याचा ठरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम २१ न्यायदंडाधिकाऱ्याला तात्पुरता ताबा देण्याचा आणि भेट मुलाला अपायकारक वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार देते. तेथे तोच मार्ग धरावा.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात, हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब नुसार, अर्ज केल्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर योग्य प्रकरणांत सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते, आणि ती माफ करून घेण्याची घाई अनेकांना असते. मूल असलेल्या जोडप्यांना माझी विनंती आहे की, शक्य असेल तर हा काळ वापरा. मुलाचे वेळापत्रक लिहा, सहा महिने त्याप्रमाणे वागून पाहा, जे जमले नाही ते बदला, आणि दुसऱ्या तारखेला तो कागद संमतीपत्राला जोडा. मूल मोठे होईल तसे त्यातले कलम न् कलम न्यायालयाकडून बदलून घेता येते.