निरंक अहवालाची कुळी

मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीसारख्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातून दर आठवड्याला रोगांचा अहवाल वर जातो. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, नवजात अर्भकाचा धनुर्वात, अचानक आलेला लुळेपणा. यांतल्या कशाचंही एकही मूल आलं नसलं, तरी रकाना कोरा ठेवून चालत नाही. ‘निरंक’ लिहावंच लागतं. पाहिलं आणि आढळलं नाही, याची ती सही असते. कोऱ्या रकान्यातून मात्र कुणी पाहिलं की नाही तेही कळत नाही.

ही पद्धत आली कुठून? जाणकार १९९७च्या पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पाकडे बोट दाखवतात. कुणी आणखी मागे, देवी निर्मूलनापर्यंत जातात. तेव्हा घरोघर शोध चालायचा आणि १९७५मध्ये रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं.

माझ्या मते मूळ याहून जुनं आणि इथलंच आहे: कोतवालाची पंजी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची वही. जात पडताळणीसाठी विदर्भात आजही तिची नक्कल काढतात. इंग्रजी अमदानीत बालाघाट आणि भंडारा (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं) हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते. गावचा कोतवाल, म्हणजे लांजीकडचा कोटवार, जन्ममृत्यू टिपून ठरलेल्या हजेरीला ठाण्यात सांगायचा. मृत्यूचं कारणही विचारलं जाई: पटकी, देवी की ताप. गावात कुणी दगावलं नसलं म्हणून हजेरी काही चुकत नसणार. ‘काही नाही’ हे सांगायलाही माणूस यायचा. निरंक अहवालाचं बीज मला तिथेच दिसतं.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. रोगांपुरतं पाहिलं, तर कोतवाल मेलेल्यांचीच नोंद करी. पोलिओवाले जिवंत मूल शोधतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवले जातात. ही घाई पंजीत नव्हती, हे मान्य. पण घाई नंतर आली. गावागणिक एक जबाबदार माणूस आणि त्याचं ठरलेलं सांगणं आधीपासून होतं.

नव्या पद्धतीने खरी भर घातली ती हद्द ओलांडण्याची. लांजीकडचे कितीतरी लोक आजारी मूल घेऊन थेट गोंदिया गाठतात, म्हणजे दुसऱ्या राज्यात, महाराष्ट्रात. कोतवालाची पंजी गावच्या शिवेपाशी थांबे. आता लुळेपणाचा रुग्ण गोंदियात सापडला, तरी तो मुलाच्या राहत्या जिल्ह्याला कळवावा लागतो. लांजीच्या निरंकवर विश्वास ठेवायचा, तर गोंदियाच्या डॉक्टरनेही गावाचं नाव नीट विचारून लिहिलेलं असायला हवं.