संबंधी वाक्य : मराठी व इंग्रजीतील सर्वनाम आणि शब्दयोगी अव्यय

मुख्य वाक्यातील एखाद्या नामाची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याविषयी अधिक सांगण्यासाठी जोडलेले गौण वाक्य म्हणजे संबंधी वाक्य. शालेय व्याकरणात त्याला विशेषणवाक्य म्हणतात. मराठीत ते जो, जी, जे या संबंधी सर्वनामांनी बांधले जाते, तर इंग्रजीत हू, व्हिच, दॅट यांनी. या सर्वनामाशी एखादे शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय जोडायची वेळ आली की दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतो तो याच ठिकाणी. या नोंदीतील बरीचशी उदाहरणे पन्हाळगडावरची आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. गडाची हकीकत परक्या पाहुण्याला इंग्रजीत सांगायची तर पहिल्या दोनचार वाक्यांतच संबंधी वाक्य लागते.

पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ते राजदिंडीतून, असे परंपरा सांगते. ही गोष्ट मराठीत अशी बसते : ‘महाराज ज्या दिंडीतून बाहेर पडले ती राजदिंडी.’ इथे ‘दिंडी’ हे नाम गौण वाक्याच्या पोटात आहे. ‘तून’ हा प्रत्यय त्यालाच चिकटला आहे आणि ‘ज्या’ त्याच्यापुढे विशेषणासारखा उभा आहे. मुख्य वाक्यात त्याची खूण म्हणून ‘ती’ येते. जो-तो ही जोडी मराठीला संस्कृतातील यद्-तद् या जोडीकडून प्राकृतातून मिळालेली आहे. नाम गाळले तरी प्रत्यय सर्वनामाच्या सामान्यरूपाला लागतो : ज्यातून, जिच्यावर, ज्यांच्यासाठी. ‘ज्या’ एकीकडे आणि ‘तून’ वाक्याच्या टोकाला, असे मराठीत कधी होत नाही.

इंग्रजीत ते सर्रास होते. ‘द गेट थ्रू व्हिच ही लेफ्ट’ असे म्हणता येते, तसेच ‘द गेट व्हिच ही लेफ्ट थ्रू’, ‘द गेट दॅट ही लेफ्ट थ्रू’ आणि सर्वनाम पूर्ण गाळून ‘द गेट ही लेफ्ट थ्रू’ असेही म्हणता येते. अव्यय सर्वनामाच्या आधी आले तर मात्र बंधने येतात. तेथे ‘दॅट’ चालत नाही. ‘थ्रू दॅट’ ही संबंधी वाक्याची सुरुवात होऊ शकत नाही. माणसाविषयी बोलताना ‘टू हू’ नव्हे, ‘टू हूम’ लागते, आणि सर्वनाम गाळण्याची मुभा उरत नाही. अव्यय शेवटी गेले की या अटी सुटतात, म्हणून रोजच्या बोलण्यात तीच रचना जास्त ऐकू येते. कवी ड्रायडनने १६७२ मध्ये वाक्याच्या शेवटी येणाऱ्या अव्ययाला दोष दिला. १७६२ च्या आपल्या व्याकरणात बिशप लाउथने गंभीर शैलीसाठी अव्यय आधी ठेवणे अधिक डौलदार ठरवले. त्यांची ही आवड पुढे नियम म्हणून शिकवली गेली. मुळात इंग्रजीत अव्यय शेवटी टाकण्याची रीत जुन्या काळापासून आहे, आणि तिला चूक म्हणणे चूक आहे.

मराठीची दुसरी रीत व्याकरणाच्या पुस्तकांत फार कमी जागा घेते, पण बोलण्यात तिचेच राज्य आहे. या रीतीत ‘ज्या’ गळतो आणि त्याच्याबरोबर प्रत्ययही जातो : ‘महाराज बाहेर पडले ती दिंडी.’ ‘तून’ कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याला तो कळतो. ‘मी राहतो ते घर’ यात ‘त’ नाही, ‘बाजीप्रभू लढले ती खिंड’ यातही नाही. ‘गडाचे धान्य ठेवत ते अंबरखाने’, ‘आई भाजी चिरते ती विळी’, ‘आम्ही गड उतरलो तो दिवस’ ही सगळी वाक्ये याच घडणीची आहेत. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘आम्ही आलो त्यो रस्ता’ असे सहज येते, आणि क्रियापदाचे विशेषण करून ‘आमी बघितल्याला बुरुज’ असेही. स्थळ, वाट, वेळ आणि साधन हे संबंध क्रियापदाच्या अर्थावरूनच उमगतात, म्हणून त्यांचे प्रत्यय सांगण्याची गरज भाषेला भासत नाही.

या सवलतीला मर्यादा आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. ‘ज्याच्याबरोबर मी गड चढलो तो मित्र’ याऐवजी ‘मी गड चढलो तो मित्र’ असे म्हटले तर वाक्य मोडते. ‘ज्याच्याविषयी’ आणि ‘ज्याच्यापेक्षा’ हेही गाळता येत नाहीत. षष्ठीचे मात्र दोन्हीकडे पाय आहेत. ‘पाय मुरगळला तो मुलगा’ चालते, कारण पाय मुलाचाच असणार. नाते सैल असेल तिथे ‘ज्याचा’ बोलावाच लागतो. कीनन आणि कॉमरी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनेक भाषा पडताळून संबंधी वाक्यांसाठी एक उतरंड मांडली. कर्ता सर्वांत सुलभ, मग कर्म, त्याखाली इतर कारके, त्याखाली षष्ठी आणि तळाशी तुलना. मराठीतील गाळण्याची रीतही कर्ता-कर्माच्या टोकाला मोकळी आहे आणि तुलनेच्या टोकाला बंद आहे.

इंग्रजीत सर्वनाम गाळले तरी अव्यय सहसा गाळता येत नाही. ‘धिस इज द हाउस आय लिव्ह’ हे वाक्य म्हणूनच अपुरे ठरते. शेवटी ‘इन’ हवे. ही चूक विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणातून येत नाही. ‘मी राहतो ते घर’ ही शुद्ध मराठी रचना तो इमानाने इंग्रजीत नेतो. जो-तो जोडीमुळे होणारी चूक वेगळी : ‘व्हिच फोर्ट ही लेफ्ट, दॅट फोर्ट इज पन्हाळा.’ मराठीत मुख्य वाक्यात ‘तो’ लागतोच, इंग्रजीत त्या जागी काही नको असते. ‘द गेट दॅट ही लेफ्ट थ्रू इट’ मधला ‘इट’ तर दोन सर्वनामांना एकच काम देतो.

प्रत्यय दडवण्याची ही कला मराठीला समासातूनही परिचित आहे. बहुव्रीहीचा विग्रह म्हणजे संबंधी वाक्यच. नीलकंठ म्हणजे ज्याचा कंठ निळा आहे असा तो, आणि चक्रपाणि म्हणजे ज्याच्या हातात चक्र आहे असा तो. विभक्ति-बहुव्रीहीत तर विग्रहातील संबंधी सर्वनाम कोणत्या विभक्तीत आहे हेच विचारले जाते. ‘जितेंद्रिय’ फोडताना ‘ज्याने’ येतो, ‘प्राप्तधन’ फोडताना ‘ज्याला’. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला, आणि त्यांचे संस्कृत अध्ययनही तिथेच पाध्ये बंधूंपाशी झाले. त्यांच्या आर्यांत असे समास जागोजाग भेटतात. वाचकाने ‘ज्याचा’, ‘ज्याने’ मनात भरून घ्यायचे, हे त्या काव्याने गृहीत धरलेले असते.

‘की’ने जोडलेल्या नामवाक्यात सर्वनामाचा प्रश्न वेगळा आहे. ‘वाटाड्या म्हणाला की मी सज्जाकोठीपाशी थांबतो’ यातला ‘मी’ वाटाड्या आहे. इंग्रजीत दॅट आल्यावर तिथे ‘ही’ लागतो. ‘महाराजांनी जौहरला कळवले की आपण भेटीस येतो’ इथे ‘आपण’ महाराजांकडेच परततो. इंग्रजीतला ‘ही’ मात्र महाराजही असू शकतो आणि जौहरही. या बाबतीत मराठी अधिक नेमकी आहे.

आता पुन्हा अव्ययाकडे वळू. मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते आणि त्याला जोडून लिहिले जाते. इंग्रजीत ते आधी येते, सुटे लिहिले जाते, म्हणूनच तिथे ते भटकू शकते.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थ्याचे ‘इन’ किंवा ‘थ्रू’ राहिले तर लगेच लाल शाई वापरू नका. त्याला त्याचे मराठी वाक्य ‘ज्या’ घालून पुन्हा म्हणायला लावा : ‘मी राहतो ते घर’, म्हणजे ‘ज्या घरात मी राहतो ते घर’. ‘घरा’ला लागलेला ‘त’ त्याला ऐकू आला की ‘इन’ कुठून आणायचे ते तो स्वतःच सांगेल.