नदीकाठची रेघ कोणी आखली, कोणासाठी आखली?

इगतपुरीकर मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या दारातल्या पाण्याचा आहे, म्हणून सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

दर पावसाळ्यात आपल्याकडे एकच क्रम ठरलेला. जूनअखेर धबधबे सुरू होतात, शनिवार-रविवारी भावली धरणाच्या रस्त्यावर मुंबई, ठाणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. कुठेतरी कोणी वाहून जातं, मग बंदीचा आदेश निघतो. दिवाळीपर्यंत सगळे सगळं विसरतात. तोवर धरणांच्या पाणफुगवट्याच्या कडेला आणखी एक-दोन कुंपणं उभी राहिलेली असतात. वादही दरवर्षी तोच. एक बाजू म्हणते, पर्यटन बंद करा. दुसरी म्हणते, आमच्या पोरांच्या हाताला आत्ता कुठे काम मिळालंय, बंद कसलं करता?

माझा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे. नदीच्या काठावर काय करावं आणि काय करू नये, याचे नियम आजवर कोणी केले आणि कोणाचा विचार करून केले? तो इतिहास काढून बसलं की एक गोष्ट लख्ख दिसते. आपल्या नद्यांवर आखलेली प्रत्येक रेघ खाली राहणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे. वर राहणाऱ्याला कोणी विचारलंच नाही.

सुरुवात दारणेपासून करू. कुलंगच्या उत्तर उतारावर ती उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने सिंचन आयोग नेमला. त्यानंतरच्या काळात गोदावरी कालव्यांची योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी नांदगाव बुद्रुकजवळ दारणा अडवली. धरण 1916 साली पुरं झालं, जलाशयाला नाव मिळालं ‘लेक बील’. धरणाचं पाणी नदीतूनच नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं आणि तिथून कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडे. त्या पाण्यावर पुढे ऊस झाला, साखर कारखाने झाले. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या योजनेत इगतपुरी तालुका कोण होता? पाऊस पडण्याची जागा. वर्षाला 3000 मिलीमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच वाड्यापाड्यांवर टँकर फिरतो. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

पुढे 1976 साली पैठणला जायकवाडी पूर्ण झालं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. आता पाऊस कमी झाला की दारणेचं पाणी मराठवाड्यासाठीही सुटतं. हे तत्त्वही मला मान्य आहे, कारण तहान सगळ्यांची सारखी. पण पुन्हा बघा, हिशोब धरणातून किती सोडायचं याचा आहे. काठाचं काय करायचं, याचा त्यात शब्द नाही.

दुसरी नदी वैतरणा. ऊर्ध्व वैतरणा धरण 1973 साली झालं आणि तिचं पाणी मुंबईला गेलं. मुंबईला पाणी स्वच्छ ठेवण्याचं महत्त्व फार आधी कळलं होतं. विहार तलाव 1860 चा. त्याच्या आणि तुळशी तलावाच्या भोवतालचं पाणलोट क्षेत्र पाण्यासाठी राखून ठेवलं, तिथे वस्ती वाढू दिली नाही. आज बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान म्हणून जे जंगल आपण बघतो, त्यातला मोठा भाग त्या राखणीमुळे वाचला. म्हणजे काठ राखायचा असतो, हे ज्ञान नवं नाही, दीडशे वर्षं जुनं आहे. पिणारा ताकदवान असला की काठ राखला जातो, एवढंच.

आता नियमांच्या कागदांकडे येऊ. राज्याच्या पाटबंधारे खात्याने सप्टेंबर 1989 मध्ये परिपत्रक काढून पूररेषांची पद्धत ठरवली. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून. 19 सप्टेंबर 2008 ला गोदावरीने नाशिकला दणका दिला, तेव्हा या रेषांची किंमत शहराला कळली. पण पूररेषा एकाच प्रश्नाचं उत्तर देते: तुमचं घर बुडेल का? त्या घराचं सांडपाणी कुठे जाईल, तिथे रविवारी हजार माणसं आली तर काय होईल, गावाची पाण्यावर जायची वाट राहील का, हे तिला विचारूनच उपयोग नाही. ती त्यासाठी आखलेलीच नाही.

काठाचा खरा विचार करणारं एक धोरण मात्र महाराष्ट्रात झालं होतं. पर्यावरण विभागाने जुलै 2000 मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणलं, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आरआरझेड’. पाणी कशाला वापरायचं त्यावरून नद्यांच्या पट्ट्यांचे चार वर्ग. नुसतं निर्जंतुक करून पिता येईल ते पाणी ए-1, शुद्धीकरण करून पिण्याजोगं ए-2, मासे आणि वन्यजीवांसाठीचं ए-3, शेती-उद्योगासाठीचं ए-4. वर्गानुसार अर्ध्या किलोमीटरपासून तीन किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यांना मनाई. जुलै 2009 मध्ये त्यात सुधारणा झाली. आणि फेब्रुवारी 2015 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते धोरणच रद्द केलं. कारण सांगितलं की उद्योगांना जमीन मिळत नाही आणि प्रदूषण रोखायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम पुरेसे आहेत.

त्या धोरणात खोट होती, हे मान्य करू. तीन किलोमीटर सरळ रेषेत मोजायचे, मग मध्ये डोंगर असो की दरी. आपल्यासारख्या पावलोपावली ओढा आणि धरण असलेल्या तालुक्यात असा पट्टा लावला तर मोकळी जमीन शोधावी लागेल. शिवाय रोख मुख्यतः कारखान्यांवर. पण जे वाकडं होतं ते सरळ करता आलं असतं. समुद्रकिनाऱ्याचं बघा. 1991 साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, 2011 आणि 2019 मध्ये बदलली, बरीच सैलही झाली. तरी ती एका बैठकीत पुसता आली नाही, कारण ती 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आहे. बदल करायचा तर मसुदा जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. नदीचं धोरण मात्र सरकारी निर्णयाच्या कागदावर उभं होतं. एका निर्णयाने आलं, दुसऱ्याने गेलं. तुम्हा-आम्हाला कोणी विचारायची गरजच नव्हती.

मग आज काठावर उरलं काय? पूररेषा, तीही जिथे आखली असेल तिथे. बांधकाम नियमावलीतलं नदीपासूनचं 15 मीटर अंतर. मंडळाची संमती, जी एका वेळी एकाच अर्जदाराकडे बघते. एकाच ओढ्यावर चाळीस बंगल्यांचे शोषखड्डे झाले तर त्यांची बेरीज कोण करणार? आणि शेवटी जमावबंदीचा आदेश. 30 जून 2024, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. दोन्ही वेळा नंतर बंद्या आल्या. बंदी म्हणजे धोरण नव्हे. धोरण नसलं की जे हाताशी उरतं, ती बंदी.

आणि आपल्यावरचा ताण वाढणारच आहे. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईचा माणूस आता घाटाचा विचार न करता निघतो. सिंहस्थ तोंडावर आहे.

यातून वाट काढायला दोन जुने आधार आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच महिन्यातले. 13 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ हा निकाल दिला. हिमाचलात बियास नदीच्या काठावर एका हॉटेलने पुरापासून बचाव म्हणून नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला होता. न्यायालयाने सांगितलं, नदी, जंगल, किनारा यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. लोकांची ठेव ते खासगी फायद्यासाठी देऊ शकत नाही. जमिनीचा पट्टा रद्द झाला. त्यानंतर अकराच दिवसांनी, 24 डिसेंबरला, पेसा कायदा लागू झाला. आपल्या तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे लहान जलसाठ्यांच्या नियोजनात आणि व्यवस्थापनात गावाच्या पंचायत व्यवस्थेला हक्क आहे. राज्याचे नियम 2014 साली आले. मोठं धरण गावाचं नाही, कबूल. पण ओढा, पाझर तलाव, धबधब्याखालचा डोह यांच्याबद्दल गावाला बोलता येतं.

म्हणून उद्या कोणी नदीकाठच्या विकासाची नवी तत्त्वं लिहायला बसलं, मग ते मंत्रालयात असो की तहसीलमध्ये, तर आपलं म्हणणं तयार हवं. माझ्यापुरतं ते असं:

1. अंतर मीटरवर नको, उतार आणि वापर बघून ठरवा. वरच्या अंगाला पाण्याची विहीर असेल तिथे नियम कडक.

2. परवानगी एकेका बंगल्याची बघू नका, अख्ख्या ओढ्याची बेरीज करा.

3. गावाची पाण्यावर जायची वाट, गुरांची, मासेमारीची, दशक्रियेची, कुंपणाआड जाता कामा नये. एका ठिकाणी पाण्यापर्यंत पोचायला मी स्वतः मोठा वळसा घातलाय. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांनीच वळसा घालायचा?

4. पर्यटकाकडून घेतलेली पावती त्याच गावात खर्च व्हावी. त्यातून गावातल्याच पट्टीच्या पोहणाऱ्या पोरांना जीवरक्षक म्हणून पगार आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. मग बंदी घालायची वेळ कमी येईल.

5. आणि हे सगळं कायद्याच्या आधाराने. सरकारी निर्णयाच्या भरवशावर पुन्हा नको.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी घरं पावसाळ्यातल्या भजी-चहावर आणि मक्याच्या कणसांवर उभी राहिली आहेत. पण नदी घाण झाली तर पहिला धंदा त्यांचाच बसेल. मोठा रिसॉर्टवाला दुसरीकडे जागा बघेल.

येत्या ग्रामसभेत एवढंच करा. आपल्या शिवारातल्या नदी-ओढ्यांची यादी वाचायला लावा आणि प्रत्येकाच्या काठावर कोणती परवानगी, कोणाला, कधी दिली ते विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. ज्या गावात हे झालं, त्यांनी खाली कळवा. यादी एकत्र करायचं काम मी घेतो.