गोवर्धनच्या विणकरांकडची ठेव

ठेव ३००० कार्षापणांची, दोन ठिकाणी विभागलेली. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कुणी कधी परत मागायचं नाही, खर्च फक्त व्याजातून. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, हा व्यवहार दगडावर कोरलेला आहे. ठेवीदार उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई. वर्ष ४२वं.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत ठेवींच्या खतावण्या सांभाळण्यात गेली. त्यामुळे हा लेख हाती आला तेव्हा मी आधी व्याज मांडलं. २००० चं महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख पुढे सांगतो की या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. मेळ तंतोतंत बसतो. दोन श्रेणींचे दर वेगळे, म्हणजे व्यवहार ज्याचा त्याच्याशी बोलून ठरला होता. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं, असंही त्यात आहे.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या त्या शतकांना आपण दख्खनचं सुवर्णयुग म्हणतो आणि पुरावा म्हणून लेणी दाखवतो. माझ्या लेखी त्याहून मोठा पुरावा ही ठेव आहे. राजाच्या जावयाने पैसा सरकारी कोठारात ठेवला नाही, गोदाकाठच्या गोवर्धनातल्या मागवाल्यांकडे ठेवला, आणि तोही कायमचा. वर्षाला १२ टक्के देणं विणकरांना पेलत होतं, कारण कापडाला गिऱ्हाईक होतं. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की पैठण आणि तेरचा माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला जाई. तेरहून जाणाऱ्या मालात मुख्य होतं ते कापडच. भडोचहून पुढे जहाजं थेट रोमन साम्राज्याच्या इजिप्तपर्यंत जात. कार्ल्याच्या चैत्यगृहातही दात्यांमध्ये धेनुकाकट गावचा एक गंधिक (सुगंधी द्रव्यांचा व्यापारी) आहे, एक सुतार आहे, यवन आहेत. कष्टाने कमावणाऱ्यांच्या हाती दान देण्याइतकी शिल्लक राहत होती.

मग युद्ध झालं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. विजयाची ही गोष्ट सगळे सांगतात. नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यातला साधा मजकूर मला अधिक बोलका वाटतो. राज्याच्या १८व्या वर्षी गौतमीपुत्राने भिक्खूंना एक शेत दिलं, ते आधी उषवदाताच्या ताब्यात होतं. २४व्या वर्षी त्याला दुसरा हुकूम काढावा लागला: दिलेलं शेत पडीक आहे, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या हद्दीतली १०० निवर्तनं सरकारी जमीन द्यावी. विजेत्याच्या राज्यात गाव ओस पडलं होतं.

श्रेणी मात्र टिकल्या. सातवाहनांची सत्ता मोडल्यावर, तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी याच पद्धतीने ठेवी ठेवल्या. घेणाऱ्यांत तेलाचे घाणे चालवणारे होते, पाण्याची यंत्रं करणारेही होते. राजवट गेली तरी तेल्याची पत शाबूत होती.

त्यानंतर मात्र अशा ठेवींचे लेख आपल्या लेण्यांतून दिसेनासे होतात. रोमशी चालणारा व्यापार त्याच शतकात ओसरला, दख्खनमधला नाण्यांचा सुकाळ सरला. पाचव्या शतकात अजिंठ्याची सर्वांत देखणी लेणी कोरली गेली. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. चित्रं पाहून त्या काळाला सुवर्णयुग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण दात्यांच्या यादीतून गंधिक आणि सुतार गेले, हे मला विसरता येत नाही.

त्याच शतकातल्या वाकाटक प्रवरसेन दुसऱ्याच्या ताम्रपटात, आताच्या अमरावती जिल्ह्यातलं चम्मक हे गाव, ८००० ‘भूमी’ मापाचं, १००० ब्राह्मणांना दिलेलं आहे. दान चंद्रसूर्य असेतो टिकावं असं त्यात म्हटलंय, पण अटीही घातल्या आहेत: राज्याशी द्रोह करू नये, लढाईला उतरू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. मोडल्या तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. गोवर्धनच्या विणकरांकडची रक्कम परत घेण्याचा असा हक्क उषवदाताने स्वतःकडेही ठेवला नव्हता.