लिंक ट्रेनर
वैमानिकांना जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन ॲल्बर्ट लिंक (१९०४–८१) यांनी ते १९२९ मध्ये पूर्ण केले. वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भाते व हवेचे पंप वापरून त्यांनी लाकडी कॉकपिट कलते-वळते केले. झाकण बंद झाले की शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नसे. उपकरणांचे काटे पाहूनच विमान सावरावे लागे. प्रशिक्षकाच्या टेबलावर चाकांचे एक छोटे यंत्र या उड्डाणाचा मार्ग शाईने नकाशावर रेखाटत असे. १९३४ मध्ये हवाई टपाल वाहताना खराब हवामानात आपले अनेक वैमानिक दगावल्यावर अमेरिकी लष्कराने ६ यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात ५ लाखांहून अधिक वैमानिक त्यावर शिकले. येथे चूक जिवावर बेतत नसे, म्हणून ती सुधारता येई. हेच या यंत्राचे मोल होय.