बेलापुरातून केरळची वाट

सीबीडी बेलापूरच्या बेलापूर भवनात कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे. १९९० साली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना, ही कंपनी स्थापन झाली. सुरुवातीच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा ६ आणि केरळचाही ६. रूळ मात्र रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच. केरळात एक मीटरही नाही!

तरी केरळने पैसे घातले, कारण मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या मल्याळी माणसाला गाव फार लांब पडत होतं. जयंती जनता एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, गुंतकल, कोईमतूर असा सगळा वळसा घालून पालघाटच्या खिंडीतून केरळात शिरायची. दोन रात्री डब्यात काढायच्या, तेही लहान मुलं आणि ट्रंका घेऊन.

ही वाट सरळ करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली ते ई. श्रीधरन मूळचे पालघाट जिल्ह्यातलेच. ७४१ किलोमीटरच्या मार्गात रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. पेडण्याला भुसभुशीत मातीने माणसांची सत्त्वपरीक्षा पाहिली. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी सलग गाडी धावली.

तोवर नवी मुंबईत सिडकोच्या वसाहतींत मल्याळी कुटुंबं रुजली होती. वाशी स्टेशनजवळ केरळ सरकारचं केरळ हाऊस आहे. नेरूळला अय्यप्पाचं मंदिर आहे. कार्तिक-मार्गशीर्षात काळी वस्त्रं नेसून, गळ्यात माळ घालून ४१ दिवसांचं व्रत करणारे भक्त तिथे दिसतात. मल्याळी दुकानांत लालसर मट्टा तांदूळ, 'कप्पा' म्हणजे टॅपिओकाचे कंद, जाड सालीची नेंद्रन केळी मिळतात. नारळाच्या तेलात तळलेले नेंद्रनचे पिवळेधमक काप आता मराठी घरांतही चहाबरोबर येतात.

शेजार खरा कळतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. ओणम आणि गणपती बहुधा मागेपुढेच येतात. पनवेलहून सुटकेस घेऊन निघालेला मल्याळी आणि मखराचं सामान घेतलेला चाकरमानी एकाच मार्गाच्या तिकिटासाठी वेटिंगवर असतात. जादा गाड्या सोडल्या तरी मार्ग बहुतांश एकेरीच. २०२१ साली दुहेरीकरण पूर्ण झालं ते फक्त रोहा ते वीर, सुमारे ४७ किलोमीटर. त्यापुढे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत क्रॉसिंगला ताटकळायचं. दुहेरीकरण पुढे सरकायला हवं, ही कुडाळइतकीच कासरगोडचीही निकड आहे.